एक आडनाव, दोन भाषा

नियतकालिकाच्या मराठी विभागासाठी 'मुलांना उपयोगी पडेल असे काही अभ्यासपूर्ण लिहा' असे आपल्या संपादक-मंडळाचे पत्र आले. निवृत्तीनंतर मी मुलाकडे भोपाळला, आनंद नगरात राहतो. हे उपनगर शहराच्या पूर्वेला, रायसेन रस्त्यावर आहे. जवळच 'भेल'चा मोठा कारखाना आहे. या कारखान्यासाठी साऱ्या देशातून माणसे आली आणि इथलीच झाली. आमच्या गल्लीत सकाळी फिरायला निघालो की फाटकांवरच्या पाट्या वाचत जाणे हा माझा छंद आहे. एका पाटीवर नायर, पुढे तिवारी, मग चक्रवर्ती, मग देशपांडे. पाटीवरून घराची भाषा कळते असे मला पुष्कळ वर्षे वाटत आले. ते खरे नाही, हे मला उशिरा कळले. कसे कळले, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. त्यामागे एक खासगी कारणही आहे. ते शेवटी सांगेन.

विषय आहे एका आडनावाचा. हे आडनाव हिंदी आणि मराठी अशा दोन्ही वाङ्मयांच्या इतिहासांत मानाने घेतले जाते, आणि ते दोन सख्ख्या भावांचे आहे. थोरले गजानन माधव मुक्तिबोध आणि धाकटे शरच्चंद्र माधव मुक्तिबोध.

उपनाम की आडनाव?

माझी नात बारावीत होती तेव्हाची गोष्ट. तिच्या हिंदीच्या पुस्तकात गजानन माधव मुक्तिबोधांची 'सहर्ष स्वीकारा है' ही कविता होती. ती म्हणाली, "आजोबा, मुक्तिबोध हे त्यांचं उपनाम होतं ना? जसं निराला, अज्ञेय?" मी म्हणालो, "नाही ग, ते त्यांचं आडनाव. आपल्यासारखंच मराठी घर त्यांचं." तिचा विश्वास बसेना. तिने पुस्तक पुढे केले. तिथे कवीच्या नावात 'मुक्तिबोध' हा शब्द अवतरणचिन्हांत छापलेला होता, जणू ते कवीने स्वतः धारण केलेले नाव असावे.

तिची चूक म्हणावी तर ती शब्दाचीच चूक होती. हिंदीत 'उपनाम' हा शब्द आडनावालाही वापरतात आणि कवीच्या टोपणनावालाही. मराठीत आपण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो : केशवसुत, कुसुमाग्रज ही टोपणनावे; दामले, शिरवाडकर ही आडनावे. कन्नडात टोपणनावाला 'काव्यनाम' म्हणतात, आणि आडनावाला 'अड्डहेसरु'. 'हेसरु' म्हणजे नाव, आणि 'अड्ड' म्हणजे आड किंवा आडवे. आपल्या महाविद्यालयातील मुलांना हे सांगायला नको की 'आडनाव' आणि 'अड्डहेसरु' हे शब्द एकाच घडणीचे आहेत. मराठी आणि कन्नड शेजारणी एकमेकींच्या घरातली भांडी किती सहज उचलून वापरतात, याचे हे एक लहानसे उदाहरण.

आणखी एक घोटाळा मराठी नावाच्या पद्धतीमुळे होतो. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली रीत. हिंदी वाचक 'गजानन माधव' हे एकच जोडनाव समजतात. प्रत्यक्षात माधव हे वडिलांचे नाव. ते दोन्ही भावांच्या नावांत मधोमध उभे आहे.

गावावरून, वतनावरून, ग्रंथावरून

आपल्याकडे आडनावे कशी पडली याचा विचार केला तर दोन वाटा ठळक दिसतात. पहिली गावाची. माडगूळ गावचे म्हणून माडगूळकर. या घरात ग. दि. माडगूळकर (१९१९–१९७७) आणि व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) असे दोन भाऊ झाले. थोरल्याने गीत आणि पटकथा गाजविली, धाकट्याने कथा आणि कादंबरी. दुसरी वाट वतनाची किंवा कामाची : कुलकर्णी, देशपांडे, देसाई, पाटील. ही आडनावे भाषेची नव्हेत, कामाची आहेत. म्हणूनच ती बेळगावच्या वर्गात हजेरी घेताना मराठी घरांतूनही येतात आणि कन्नड घरांतूनही. 'कुलकर्णी' अशी हाक मारली की दोन बाकांवरून दोन भाषांत 'हजर' ऐकू यावे, असा आपला मुलूख.

आडनावाबरोबर लेखणीही वारशाने आली अशी उदाहरणे मराठीत आहेत. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री; रेव्हरंड ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक. विष्णुशास्त्र्यांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे मराठी आत्मचरित्रांत अग्रभागी आहे. पण या सर्व घराण्यांत वारसा एकाच भाषेत चालला.

मुक्तिबोधांचे आडनाव तिसऱ्या वाटेने आलेले आहे. हे घराणे मूळचे खानदेशातले, जळगावकडचे, आडनाव कुलकर्णी. घराण्यात अशी हकीकत सांगतात की, फार पूर्वी त्यांच्या एका पूर्वजाने 'मुग्धबोध' किंवा 'मुक्तबोध' नावाचा एक ग्रंथ लिहिला आणि त्या ग्रंथावरून पुढे घराण्याला मुक्तिबोध म्हणू लागले. ही कुळकथा आहे. ती कागदपत्रांच्या कसोटीवर घासून पाहण्याचे काम इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे. परंतु गावावरून नव्हे, वतनावरून नव्हे, तर एका ग्रंथावरून आडनाव पडले असे मानणारे घर किती थोडे असेल! आणि त्याच घरात कित्येक पिढ्यांनी दोन ग्रंथकार निपजावेत, हा योगायोग मनाला सुखावतो.

माळव्यातील बालपण

गजानन मुक्तिबोधांचे पणजोबा जळगाव सोडून ग्वाल्हेर संस्थानात आले. शिंदे, होळकर, पवार यांच्या राज्यांबरोबर मराठी माणसे उत्तरेत गेली आणि तिथेच राहिली, हे आपण इतिहासात वाचतो. वडील माधवराव संस्थानच्या पोलीस खात्यात अधिकारी होते. पोलिसाची नोकरी म्हणजे बदल्या. थोरल्याचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूरला झाला, धाकट्याचा २१ जानेवारी १९२१ रोजी इंदूरला. घरात मराठी, अंगणापलीकडे हिंदी, अशी ही घडण. आई हिंदी मुलखात वाढलेली. प्रेमचंदांची भक्ती आपल्याला आईने लावली, अशा आशयाचे शीर्षकच थोरल्याने आपल्या एका लेखाला दिले आहे.

याच वातावरणात ग्वाल्हेरला जन्मलेले प्रभाकर माचवे हेही होते. १९४३ साली अज्ञेय यांनी सात नव्या कवींचा 'तार सप्तक' हा संग्रह संपादित केला. हिंदी कवितेत नवे पर्व इथून मानतात. त्या सातांपैकी दोन, मुक्तिबोध आणि माचवे, मराठी घरांतले होते. माचव्यांनी पुढे मराठीतही लिहिले. मुक्तिबोधांनी मात्र आपले सारे वाङ्मय हिंदीला दिले.

धाकट्याने दुसरी वाट धरली. त्याच माळव्यात वाढून त्याने मराठीत लिहिले. 'नवी मळवाट' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह १९४९ साली निघाला, दुसरा 'यात्रिक' १९५७ साली. मर्ढेकरांच्या बरोबरीने मराठीत नवकविता जी रुजली, तिच्यातला सामाजिक जाणिवेचा धागा शरच्चंद्रांच्या कवितेत ठळक आहे. त्यांच्या कादंबऱ्या तीन : 'क्षिप्रा' (१९५४), 'सरहद्द' (१९६२) आणि 'जन हे वोळतु जेथे' (१९६९). बिशू नावाच्या तरुणाच्या मनाची वाढ या तिन्हींतून उलगडत जाते. पहिल्या कादंबरीचे नाव पाहा. क्षिप्रा ही उज्जैनची नदी. मराठी कादंबरीला कृष्णा-गोदेचे नाव मिळाले तर नवल नाही. इथे माळव्यातल्या नदीचे नाव मिळाले.

इथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट टिपून ठेवावी. आज थोरल्याचे नाव अधिक मोठे झाले आहे. पण हयातीत धाकट्याचे दोन कवितासंग्रह छापून झाले होते, आणि थोरल्याचा स्वतंत्र असा एकही नाही.

एक नोव्हेंबर १९५६

दोघा भावांची आयुष्ये नागपुरात जवळ आली. गजाननराव १९४८ साली नागपूरला आले. सरकारी माहिती खाते, आकाशवाणी, पुढे 'नया खून' हे साप्ताहिक अशा नोकऱ्या त्यांनी केल्या. संसार मोठा, मिळकत तुटपुंजी. वयाची पस्तिशी गाठल्यावर त्यांनी नागपूर विद्यापीठातून हिंदी घेऊन एम्. ए. केले. शरच्चंद्रांनीही नागपुरातच मराठीचे प्राध्यापक म्हणून दीर्घकाळ अध्यापन केले.

त्या वेळचे नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, आणि त्या राज्याच्या राजभाषा दोन होत्या : हिंदी आणि मराठी. एका शहरात एक भाऊ हिंदीत लिहितो, दुसरा मराठीत, यात तिथे कोणालाच काही विचित्र वाटण्याचे कारण नव्हते. दोन्ही भाषा सरकारदरबारी शेजारी शेजारी बसत होत्या.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. आणि आपले बेळगाव? तेही त्याच दिवशी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. ज्या शहराच्या नियतकालिकासाठी मी हे लिहितो आहे, ज्या शहरात बसून लिहितो आहे आणि ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांचे नागपूर, या तिन्हींचे भवितव्य एकाच तारखेला बदलले. आपल्या घरांतील थोरल्यांना ही तारीख काय वाटते ते मी सांगायला नको. तिच्यावरून झालेले वाद आणि सोसलेले दुःख यांविषयी बोलण्याचा हा लेख नव्हे. मला एवढेच दाखवायचे आहे की, नकाशावरची रेघ एका घरातल्या दोन लेखण्यांच्या मधून कशी जाते.

१९५८ साली गजाननराव राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून गेले. ते गाव तेव्हा मध्य प्रदेशात होते, आज छत्तीसगढमध्ये आहे. शरच्चंद्र नागपुरात राहिले. एक भाऊ एका राज्यात, एक दुसऱ्या. प्रत्येक जण आपापल्या भाषेच्या बाजूला. पण हे जमले ते पुनर्रचनेमुळे नव्हे. दोघांनी भाषा निवडली होती ती रेघ पडण्याच्या कितीतरी आधी, आणि निवडताना राज्याला विचारले नव्हते.

दोन लेखण्यांतील साम्य

भाषा वेगळ्या, मग आडनावाखेरीज या दोघांत समान काय? माझ्या मते, प्रश्न समान आहे. शिकलेल्या मध्यमवर्गीय माणसाने आपल्या ज्ञानाचे करायचे काय, आणि कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हा तो प्रश्न. दोघांवरही मार्क्सवादी विचारांचा संस्कार होता. दोघांनीही त्याची घोषणा न करता त्याचा मनाशी झगडा मांडला.

थोरल्याच्या 'ब्रह्मराक्षस' या कवितेत एका ओसाड विहिरीत एक विद्वानाचे भूत राहते. ते सतत अंग घासून धूत असते, पण मळ जात नाही. आपल्याकडे ज्याला ब्रह्मसमंध म्हणतात त्याचाच हा भाऊबंद. ज्ञान पुष्कळ, पण ते कोणाच्या उपयोगी पडले नाही, कोणाला दिले नाही, म्हणून मुक्ती नाही. याच कल्पनेवर त्यांनी 'ब्रह्मराक्षस का शिष्य' ही गोष्टही लिहिली. तिथे विद्या शिष्याच्या हाती सोपविल्यावर त्या भुताची सुटका होते. 'अंधेरे में' ही त्यांची दीर्घ कविता तर आधुनिक हिंदी कवितेचे शिखर मानली जाते. रात्री शहरातून एक मिरवणूक निघते आणि दिवसा प्रतिष्ठित म्हणून मिरवणारी माणसे तिच्यात गुंडाच्या बरोबरीने चालताना दिसतात. पाहणाऱ्याने ते पाहिले, हाच त्याचा अपराध ठरतो.

धाकट्याने हाच प्रश्न समीक्षेत मांडला. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथासाठी त्यांना १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. साहित्याचे मोल केवळ सौंदर्याच्या मापाने ठरत नाही, त्यात माणसाविषयीची आस्था किती खोल आहे हेही पाहावे लागते, असा त्यांच्या विचाराचा रोख आहे. त्यासाठी त्यांनी वापरलेला 'मानुषता' हा शब्द मराठी समीक्षेत रूढ झाला.

म्हणजे एका भावाने प्रतिमेतून विचारले, दुसऱ्याने सिद्धांतातून. हिंदी समीक्षकांनी थोरल्याच्या भाषेतील मराठी वळणाकडे वेळोवेळी लक्ष वेधले आहे. प्रारंभी तो दोष वाटला असेल. आज ती त्यांच्या शैलीची खूण मानतात. परक्या घरातून आलेला शब्द भाषेला बाटवतो असे नाही, कधी कधी तिला नवी ताकद देतो.

हमीदिया रुग्णालय

आनंद नगरातून जुन्या शहराकडे गेले की हमीदिया रुग्णालय लागते. शेजारच्या एका गृहस्थांना भेटण्यासाठी मी तिथे गेलो होतो. परतताना फाटकाशी थांबलो, कारण याच ठिकाणी १९६४ साली गजानन माधव मुक्तिबोध अनेक आठवडे अंथरुणाला खिळून होते.

त्याआधीची दोन वर्षे त्यांना फार वाईट गेली होती. 'भारत : इतिहास और संस्कृति' या त्यांच्या पाठ्यपुस्तकावर १९६२ साली मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. फेब्रुवारी १९६४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. त्यांना राजनांदगावहून भोपाळला हमीदियात आणले. मित्रांनी धावपळ केली. लेखक हरिशंकर परसाई यांनी त्या दिवसांविषयी लिहून ठेवले आहे. पुढे त्यांना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हलविले. तिथे ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. वय सेहेचाळीस. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी निघाला, पण तो हाती घेणे त्यांच्या नशिबी नव्हते. पुढे १९८० साली त्यांची 'रचनावली' सहा खंडांत प्रकाशित झाली. त्याच वर्षी मणी कौल यांनी त्यांच्या लेखनावर 'सतह से उठता आदमी' हा चित्रपट काढला.

शरच्चंद्र त्यांच्यामागे वीस वर्षे जगले. २१ नोव्हेंबर १९८४ रोजी नागपूरला त्यांचे निधन झाले.

आज ग्रंथालयात गेलात तर हिंदीच्या कपाटात 'म' अक्षराखाली एक मुक्तिबोध सापडतील आणि मराठीच्या कपाटात दुसरे. दोन कपाटांमध्ये चालायची वाट असते. तेवढेच त्यांच्यातले अंतर.

आपल्या मुलखातले दाखले

हे सारे दूर माळव्यातले झाले, असे वाटत असेल तर आपल्या जवळ पाहा. द. रा. बेंद्रे यांचा जन्म १८९६ साली धारवाडला झाला. घरची भाषा मराठी. त्यांनी 'अंबिकातनयदत्त' या काव्यनामाने कन्नडात लिहिले, आणि त्यांच्या 'नाकु तंति' या संग्रहाला १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. सोलापूरच्या महाविद्यालयात ते कन्नडचे प्राध्यापक होते. मराठीतही त्यांनी लेखन केले. बेंद्रे हे आडनाव ऐकून कोणी म्हटले असते की 'तुमचा विभाग पलीकडे', तर कन्नड कवितेचे केवढे नुकसान झाले असते!

त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवीत होते आणि मराठी कथा लिहीत होते. त्यांचे शिक्षण आपल्या बेळगावचे. भोवती कन्नड, वर्गात इंग्रजी, कागदावर मराठी. दोघांच्याही बाबतीत केवळ आडनावावरून त्यांच्या लेखनाची भाषा सांगता आली नसती.

माझी चूक

आता ते खासगी कारण. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आपल्या नियतकालिकाचा मराठी विभाग माझ्याकडे होता. तेव्हा वाणिज्य शाखेचा एक मुलगा माझ्याकडे कविता घेऊन आला. कविता मराठी होती. मुलाचे आडनाव अस्सल कन्नड वळणाचे. मी कागदावरचे नाव आधी वाचले, कविता नंतर. तिच्यात लिंगाच्या दोन-तीन चुका होत्या. मी हसून म्हणालो, "अरे, कन्नड विभाग पलीकडच्या खोलीत. तुझ्या भाषेत लिहून त्यांना दे, शोभून दिसेल."

तो "हो सर" म्हणाला. कागदाची घडी घालून त्याने तो सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि गेला.

अंक निघाला तेव्हा मी कन्नड विभाग मुद्दाम चाळला. त्याचे नाव तिथेही नव्हते. पुढल्या वर्षीही नव्हते. मी त्याला परत बोलाविले नाही. एवढ्या वर्षांनंतर मला त्या कवितेतल्या चुका आठवतात, कविता आठवत नाही. ज्या भाषेत तो घरी बोलत नव्हता, ती भाषा त्याने कोठून आणि कोणासाठी शिकून घेतली होती, हे विचारायचेदेखील मला सुचले नाही. त्या चुका दुरुस्त करायला दहा मिनिटे लागली असती. तेच तर माझे काम होते.

मुक्तिबोधांचा ब्रह्मराक्षस वाचताना मला तो मुलगा आठवतो. विद्या जवळ असून ती देण्याच्या वेळी ज्याने आडनाव पाहिले, त्याने विहिरीत बसून कितीही अंग घासले तरी काय उपयोग?

आणि म्हणूनच नातीने अलीकडे तिची स्वतःची एक कविता दाखविली, ती हिंदीत होती, तेव्हा मी काही बोललो नाही. क्षणभर वाईट वाटले, हे कबूल करतो. आपले आडनाव आणि हिंदी कविता! मग ती पूर्ण वाचली. दोन ठिकाणी शब्द अडखळत होते, ते तिला दाखविले. तिने ते बदलले. खाली तिने आपले पूर्ण नाव लिहिले आहे. मधोमध वडिलांचे नाव, शेवटी आमचे आडनाव.

अभ्यासासाठी

विद्यार्थिमित्रहो, धडा संपला की काही काम द्यायचे ही शिक्षकाची जुनी खोड. तीन कामे देतो.

पहिले : आपले आडनाव गावावरून पडले, वतनावरून, धंद्यावरून की आणखी कशावरून, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. जे सांगतील ते वहीत उतरवा. कुळकथा असेल तर 'कुळकथा' असे स्पष्ट लिहा.

दुसरे : ग्रंथालयातून शरच्चंद्र मुक्तिबोधांची 'क्षिप्रा' आणि गजानन माधव मुक्तिबोधांची 'ब्रह्मराक्षस का शिष्य' ही गोष्ट, दोन्ही मिळवून वाचा. हिंदी अडली तर वर्गातल्या कोणाची तरी मदत घ्या. कोणाची घ्यावी, हे त्याच्या आडनावावरून ठरवू नका.

तिसरे काम संपादक-मंडळासाठी आहे. यंदा मराठी विभागाकडे येणारे कागद वाचताना नावाचा कोपरा दुमडून ठेवा आणि आधी मजकूर वाचा. कन्नड विभागाच्या मित्रांनाही हेच सांगा. एखाद्या मराठी आडनावाच्या मुलीने कन्नडात लिहिले असेल, एखाद्या कन्नड आडनावाच्या मुलाने मराठीत. चुका असतील, त्या दुरुस्त करा आणि छापा.

आडनाव आपल्याला जन्माबरोबर मिळते. त्यासाठी कोणालाच काही करावे लागत नाही. भाषा मात्र, ती घरची असो वा शेजारची, प्रत्येकाला कष्टानेच आपली करावी लागते. मुक्तिबोधांच्या घरात दोघांनी दोन भाषांसाठी ते कष्ट केले. आपल्या नियतकालिकात तर दोन्ही विभाग एकाच पुठ्ठ्यात बांधलेले असतात. आपल्यापुढे ही सोय आयती आहे. तिचा उपयोग करावा, एवढीच या निवृत्त शिक्षकाची विनंती.